शेखभाऊंचा हत्ती

टीव्हीवर लाल दिवा गेला, पिवळा गेला, हिरवा लागला. बेडूक सुटला, अस्वल सुटलं, चष्मा घातलेलं बदक सुटलं, आणि शेखभाऊंचा हत्ती आपल्या टीचभर गाडीत बसून जागच्या जागी कान हलवत राहिला. शेजारी बसलेली त्यांची मुलगी नसरीन म्हणाली, "अब्बा, बटन दाबा ना. सगळे गेले."

शेखभाऊंनी बटण दाबलं नाही. त्यांनी मान थोडी वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. ते कशासाठी थांबलेत हे त्या खोलीत फक्त मला कळलं. मी म्हटलं, "डबल."

हत्ती निघाला.

डबल म्हणजे डबल बेल. मी बसवर कंडक्टर होते आणि इस्माईल शेख माझे ड्रायव्हर. कंडक्टरने दोरी ओढून एक बेल मारली की गाडी थांबवायची, दोन मारल्या की सोडायची. उभ्या आयुष्यात ज्याने मागच्या बेलशिवाय गाडी हलवली नाही, तो माणूस कार्टूनच्या शर्यतीतही बेलचीच वाट बघणार. दुसरी वेळ असती तर मी पोट धरून हसले असते. पण तेव्हा माझा उजवा खांदा पट्ट्यात बांधलेला होता, आणि तो शेखभाऊंच्याच गाडीत मोडला होता.

आता मी डेपोत खिडकीवर बसते, पास देते. समोरून त्यांची गाडी जाते. नव्या मुली विचारतात, हे शेखभाऊ एवढे मोठे काऊन झाले तुमच्यासाठी? त्यांना हत्तीपासून सांगावं लागतं.

शेखभाऊ आलापल्लीचे. उंच, खांद्यात वाकलेले, दाढी मेंदीने लाल केलेली. जिभेखाली कायम एक लवंग. गाडीत बसण्याआधी समोरची काच ते स्वतः जुन्या वर्तमानपत्राने पुसायचे. क्लीनरने पुसलेली काच त्यांना चालायची नाही. मग मधला आरसा असा लावायचे की रस्त्यापेक्षा आम्हीच त्यात जास्त दिसायचो. मी एकदा म्हटलं, "शेखभाऊ, मागचा ट्रक दिसला पाहिजे की मागच्या बाया?" ते म्हणाले, "ट्रकवाला आपला सांभाळते. या बाया कोण सांभाळंल?"

कोणत्या गावच्या फाट्यावर कोण रोज चढतं, हे त्यांना पाठ होतं. एखादी बाई दिसली नाही तर गाडी उभी करून ते पायवाटेकडे बघत बसायचे. एकदा गोंडपिपरीला उतरणारा कुठल्याशा कचेरीतला साहेब फार चिडला. म्हणाला, माझी मीटिंग आहे, एका म्हातारीसाठी गाडी थांबवता? शेखभाऊंनी आरशातूनच सांगितलं, "साहेब, तुमची मीटिंग तुमच्याबिना सुरू होत नसंल तर थांबंल. तिचा बाजार थांबत नाई." तेवढ्यात म्हातारी डोक्यावर टोपली घेऊन आली. साहेबाने पाय आवरून तिला जागा दिली. दिली नसती तर मी द्यायला लावली असती, माझी जीभ तेव्हा डेपोत प्रसिद्ध होती.

त्यांचा एकच हट्ट होता, आणि तोच आम्हाला भोवला.

आमच्याकडे आलापल्लीपासून आष्टीपर्यंतचा रस्ता म्हणजे जंगलातून गेलेली डांबराची एक पट्टी आणि दोन्ही बाजूंना माती. समोरासमोर दोन मोठ्या गाड्या आल्या की कोणाला तरी डांबर सोडून मातीत उतरावं लागतं. जुन्या ड्रायव्हरांनी त्याचा आपसात कायदा करून ठेवला होता. कुठे लिहिलेला नाही, पण सगळे पाळायचे. बसमध्ये माणसं असतील तर बस डांबरावर राहील, मालाची गाडी खाली उतरेल. बांबूचे ट्रक उतरायचे, लाकडाचे उतरायचे, धानाचे उतरायचे. उतरताना हात वर करायचे आणि शेखभाऊही हात वर करायचे. "माल उतरते बाई," ते म्हणायचे, "माणसं नाई उतरत." हे वाक्य ते इतक्या प्रेमाने म्हणायचे की मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

मग सूरजागडकडून खनिजाचे ट्रक सुरू झाले. लांबलचक, लाल धुळीने माखलेले, एकामागे एक. चालवणारी पोरं कुठल्या कुठल्या राज्यांतली. त्यांना आमचा कायदा कोण सांगणार? ती आपली मोठी गाडी घेऊन मधून यायची. बाकीचे ड्रायव्हर मुकाट्याने मातीत उतरायला शिकले. शेखभाऊ नाही शिकले. मी मागून ओरडायचे, "उतरा ना खाली, कशाले जीव घेता?" ते म्हणायचे, "त्याले ठाऊक नाई बाई. कोणीच डांबर धरलं नाई तर त्याले ठाऊक कसं होईल?" आणि खरंच, बहुतेक वेळा ट्रकवाले शेवटच्या क्षणाला उतरायचे, शिव्या देत. शेखभाऊ त्यांना हात वर करायचे. गाडीतल्या बाया डोळे मिटून घ्यायच्या आणि मी तिकिटाचं मशीन छातीशी धरायचे.

त्या दिवशी श्रावण होता, धान पोटरीएवढं झालं होतं. जंगल संपून बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेतं, सुरू होतात तिथे एक वळण आहे. वळणावर ट्रक दिसला, अगदी मधोमध. गाडी भरलेली होती. मी एक बेल मारली. थांबा. गाडी थांबली नाही. ट्रकही आपल्या जागेवरून हलला नाही. त्याचा लाल दर्शनी भाग काचेत मोठा होत गेला आणि मग शेखभाऊंनी एकदम स्टिअरिंग फिरवलं. पावसाने भिजलेल्या मातीत चाक गेलं, आणि भरलेली बस धानाच्या बांधीत आडवी झाली.

चिखल होता म्हणून वाचलो, असं सगळे म्हणाले. मेलं कोणी नाही. एका म्हातारीचं कंबरेचं हाड गेलं, कोणाला टाके पडले, माझा खांदा निखळला आणि वरचं हाड मोडलं. काच फोडून मला बाहेर काढलं तेव्हा बांधीतले बगळे उडालेले दिसले. थोड्या वेळाने ते परत येऊन बसले, जणू काही झालंच नव्हतं. ट्रक पुढे जाऊन थांबला होता. चालवणारं पोर मिसरूड फुटलेलं, बांधावर बसून रडत होतं. काय बोलत होतं ते कोणालाच कळेना. लोक त्याला मारायला धावले. शेखभाऊंच्या कपाळातून रक्त येत होतं. ते मधे उभे राहिले आणि आपली पाण्याची बाटली त्या पोराच्या हातात दिली. मला त्यांनी त्या दिवशी काही विचारलं नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही.

चौकशी झाली. थोडी चूक ट्रकची ठरली, थोडी रस्त्याची, थोडी शेखभाऊंची. त्यांना डेपोत हलकं काम दिलं आणि सांगितलं, दिवाळीनंतर ट्रायल होईल. गाडी नीट चालवली तर पुन्हा स्टिअरिंग मिळेल, नाहीतर कायमचे वर्कशॉपमध्ये. आणि मग कळलं की शेखभाऊंच्या हातांना काय झालंय. डेपोच्या मैदानात त्यांना रिकामी बस फिरवायला दिली होती. फिरवत होते बरी. तेवढ्यात समोरून कोणाची तरी मोटारसायकल आली. शेखभाऊंनी मैदानाच्या मधोमध ब्रेक दाबला आणि तसेच बसून राहिले. मोटारसायकल निघून गेली तरी त्यांची बोटं स्टिअरिंगवरून सुटेनात. मेकॅनिकने एक एक करून सोडवली. शेखभाऊ हसून म्हणाले, "गोंद लागला वाटते." कोणी हसलं नाही.

वर्कशॉपचं काम वाईट नसतं. पण शेखभाऊ वर्कशॉपमध्ये म्हणजे काय, ते मला माहीत होतं. आरशात कोणी नाही, फाट्यावर थांबायला कोणी नाही. ते सुकून गेले असते. आणि खरं सांगायचं तर मला त्यांचा रागही तितकाच येत होता. रात्री कूस बदलली की खांदा ओरडायचा आणि मला ती एक बेल ऐकू यायची. त्यांना ऐकू आली होती का?

नसरीनचं आलापल्लीत मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. तिच्याकडे कोणीतरी टीव्हीला जोडायचा जुना खेळ दुरुस्तीला टाकला आणि परत न्यायला आलाच नाही. तो तिने घरी आणला. माझ्याकडे निरोप आला, "मावशी, अब्बा तुमच्यासमोर बसतील. तुम्ही या." मी पट्टा सावरत गेले.

खेळ लहान पोरांचा. जनावरं छोट्या गाड्यांत बसून शर्यत लावतात. रस्ता कधी भोपळ्यांच्या मळ्यातून जातो, कधी बर्फावरून, कधी ढगांवरून. वाटेत डबे पडलेले असतात. त्यावरून गाडी नेली की त्यातून काहीतरी निघतं, ते दुसऱ्यावर फेकायचं. शेखभाऊंनी सगळी जनावरं निरखून पाहिली आणि सर्वांत जड हत्ती घेतला. म्हणाले, "हा भरल्या गाडीसारखा वळते."

सुरुवातीला काय तमाशे झाले. खेळात वस्तू फेकायचं बटण अंगठ्याखाली, बसच्या हॉर्नसारखं. शेखभाऊ प्रत्येक वळणावर सवयीने हॉर्न मारायचे आणि हत्तीच्या सोंडेतून तेलाचा डबा उडून पुढच्या बेडकाच्या डोक्यात बसायचा. बेडूक गरगर फिरायचा. शेखभाऊ म्हणायचे, "माफ करजो भाऊ." पुढच्या वळणावर पुन्हा हॉर्न, पुन्हा बेडूक. वळणाआधी ते वेग कमी करायचे, जे त्या खेळात कोणीच करत नाही. हत्ती कायम शेवटी. पण हात हलत होते, बोटं मोकळी होत होती. नसरीन मला डोळ्यांनी खुणावायची, बघा.

ते लवकरच त्या खेळाचे पक्के टीकाकार झाले. काही गोष्टी त्यांना मनापासून आवडल्या. वळणावर हत्तीचे कान एका बाजूला उडतात ते आवडलं. सगळ्यात मागे राहिलेल्याला डब्यातून वावटळ मिळते आणि ती त्याला उचलून पुढे नेते, ते तर फारच आवडलं. "मागच्याले उचलणं बरोबर हाय जी," ते म्हणाले, "हे सरकारनं शिकावं." पण पहिल्या नंबरवर असणाऱ्याच्या डोक्यावर अचानक मधमाश्यांचं पोळं येऊन पडतं, त्याचा त्यांना संताप. "नीट चालवणाऱ्याले काऊन मारून राह्यले? त्यानं काय केलं?" आणि अस्वल. ते अस्वल कितीही मागे टाका, शेवटच्या फेरीत पाठीला येऊन चिकटायचंच. "या अस्वलाले डिझेल लागत नाई का? हे घाट चढते कसं?" नसरीन सांगायची, "गेम असाच बनवला अब्बा. कोणी लई पुढं गेला तर मजा जाते." शेखभाऊंना हे पटायचं नाही. मलाही पटलं नाही. चालवणाऱ्याचं कसब अर्धंच मोजणारा खेळ मुलांना हसवेल, पण रोज चालवणाऱ्याला तो चिडवणारच. माझी आणखी एक तक्रार होती: एवढ्या फेऱ्या मारून गाडी जिथून निघाली तिथेच येते, आणि कोणी चढत नाही की उतरत नाही. एकही तिकीट न फाडता दिवस घालवायचा, हे कंडक्टरला सहन होत नाही.

एके दिवशी डोंगराचा रस्ता आला. कठड्याशिवायचा. वळणावर अस्वलाने धक्का दिला आणि हत्ती दरीत पडला. पडता पडता मोठा पांढरा बगळा आला, त्याने हत्तीची गाडी चोचीत धरली, वर आणली आणि अलगद रस्त्यावर ठेवून दिली. हत्तीने अंग झटकलं. गाणं वाजत राहिलं. शेखभाऊंनी हातातलं यंत्र खाली ठेवलं.

"हे खोटं हाय," ते म्हणाले. नसरीन म्हणाली, "गेमच हाय ना अब्बा." ते उठले, अंगणात जाऊन लवंग चघळत उभे राहिले आणि बराच वेळ आत आले नाहीत. मी खिडकीतून त्यांची वाकलेली पाठ बघत होते. आम्हा दोघांना एकच बांधी दिसत होती, आणि त्या बांधीतल्या बगळ्यांनी कोणाला उचललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी गेले तर ते टीव्हीसमोर बसलेले, पण खेळ थांबवलेला. म्हणाले, "बाई, या खेळाची खरी गोम सापडली. यात समोरून कोणी येतच नाई. सगळे एकाच दिशेनं पळून राह्यले. असं गाडी चालवणं कोणालेबी जमंल."

खरंच होतं ते. पोळं, तेल, अस्वल, सगळं मागून आणि बाजूने. समोर मोकळा रस्ता. शेखभाऊंचं दुखणं तर समोरून येणाऱ्याचं. ट्रायल जवळ आली होती आणि आम्ही त्यांना इतके दिवस भोपळ्यांच्या मळ्यात फिरवत होतो. मला फार निराश वाटलं.

नसरीन मात्र उठली. "अब्बा, गाडी पलटवा."

"म्हंजे?"

"उलटी न्या. सगळे तिकडून येतील, तुम्ही इकडून जा."

शेखभाऊंना ते ऐकूनच घाम आला. आयुष्यात त्यांनी चुकीच्या बाजूने सायकलसुद्धा नेली नव्हती. तरी त्यांनी हत्ती वळवला. लगेच टीव्हीच्या कोपऱ्यात एक ससा आला आणि लाल झेंडी नाचवत किंचाळू लागला. शेखभाऊ त्याला म्हणाले, "ठाऊक हाय रे बाबा." वळणावरून अस्वल आलं, सरळ समोरून. हत्तीने रस्ता सोडला नाही. दोघांची टक्कर झाली, हत्ती उलटापालटा होऊन खाली गेला, बगळ्याने वर आणला. मग बेडूक आला. टक्कर. बदक आलं. टक्कर. शेखभाऊंच्या कपाळावरची शीर उठली होती आणि बोटं पुन्हा पांढरी पडायला लागली होती.

"अब्बा, डोंगराच्या बाजूले गवत हाय. गवतात उतरा ना."

"अस्वलानं उतरावं. माझा हत्ती भरला हाय."

"अस्वलाले काय ठाऊक तुमचा कायदा?" नसरीनचा आवाज चढला. "त्या ट्रकवाल्या पोराले काय ठाऊक होता? तुम्ही त्या दिवशीबी असंच केलं. असंच."

टीव्हीतला ससा किंचाळत होता. नसरीन रडायला लागली आणि आत निघून गेली. मी उठावं की बसावं, मला कळेना. शेखभाऊ टीव्हीकडे बघत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, मी बेल ऐकली होती."

मी खांद्याचा पट्टा सावरला.

"एक बेल. साफ ऐकली. मले वाटलं, तो उतरंल. आत्ता उतरंल."

तेव्हा मला जो राग आला तो मी इथे लपवत नाही. माझा हात उचलून मला वेणी घालता येत नव्हती, माझी बहीण रोज सकाळी येऊन घालायची. त्या म्हातारीला अजून काठीशिवाय उभं राहता येत नव्हतं. आणि यांनी बेल ऐकली होती. मला वाटलं, उठावं, जावं, आणि वर्कशॉपमध्येच राहू द्यावं यांना. पण दाराकडे बघितलं तर आतून नसरीनच्या हुंदक्यांचा आवाज येत होता, आणि इथे हा माणूस, ज्याने मार खाणाऱ्या पोराला आपलं पाणी दिलं होतं, हातात खेळणं धरून बसला होता. मी म्हटलं, "मले ठाऊक होतं, भाऊ." मग टीव्हीकडे बघून म्हटलं, "डबल."

हत्ती निघाला. अस्वल समोर आलं. हत्ती अडखळला आणि चार बोटं गवतात गेला. अस्वल घासून निघून गेलं. बगळा आला नाही.

नंतर रोज तेच. सगळे एका दिशेने आणि हत्ती एकटा उलट. गवतात उतरायचं, गाडी मंद होऊ द्यायची, जाऊ द्यायचं, मग पुन्हा वर यायचं. शर्यत अर्थात कधीच जिंकता आली नाही. उलट जाणाऱ्याला त्या खेळात नंबरच मिळत नाही. ज्याने तो खेळ बनवला त्याने असं कोणी खेळेल याचा विचारही केला नसणार. शेजारची पोरं दारातून बघून हसायची, आजोबाला साधी दिशा कळत नाही म्हणून. शेखभाऊ त्यांना म्हणायचे, "या, बसा, शिका." पण मी बाजूला बसून त्यांचे हात बघायचे. काही दिवस हात मानायचे, काही दिवस नाही. कधी समोरून फक्त बदक यायचं आणि ते खिळून बसायचे, बोटं पांढरी. ट्रायलच्या आदल्या दिवशीसुद्धा एकदा तसं झालं.

ट्रायलला तपासणारे साहेब मोठ्या गावाहून आले होते. शेखभाऊंनी आधी वर्तमानपत्राने काच पुसली. साहेब घड्याळ बघत होते. बस फाटकाबाहेर गेली आणि आम्ही सगळे, मेकॅनिक, खिडकीवरचे, मी, फाटकापाशी उभे राहिलो. नसरीन दुकान बंद करून आली होती आणि ओढणीचं टोक चावत होती. रस्त्याला तेव्हा ट्रक चालू होते, एकामागे एक, त्यांचा आवाज येत होता. बस यायला इतका वेळ लागला की मी एकदा रस्त्यावर जाऊन वाकून पाहिलं. शेवटी लाल धुळीतून ती आली, हळूहळू, बैलगाडीच्या वेगाने. साहेब उतरले, रुमालाने तोंड पुसलं. म्हणाले, "गाडी फार लवकर खाली घेतो. वेळ जातो." आणि कागदावर सही करून दिली.

माझा खांदा मात्र पूर्ववत झाला नाही. दिवसभर हात वर करून दोरी ओढणं जमणार नाही असं ठरलं आणि मला खिडकी मिळाली. जायच्या आधी मी एक ड्युटी मागून घेतली, शेखभाऊंची पहिली. डेपोवाले कुरकुरले, पण माझ्या जिभेला तेही ओळखून होते.

धान कापून झालं होतं, बांध्यांत पेंढ्यांचे ढीग, पुंजणे, रचलेले. गाडी भरली होती. काठी टेकत तीच म्हातारी चढली, शेखभाऊंच्या मागच्याच बाकावर बसली, आणि त्यांच्याकडे बघून म्हणाली, "नीट नेजो बाप्पा." शेखभाऊंनी मान हलवली. मी तिकीट विचारलं तर म्हणाली, "ते वळण जाऊ दे, मग." आरसा त्यांनी पूर्वीसारखाच लावला होता, आम्ही सगळे त्यात. जंगल संपत आलं तसा गाडीतला आवाज कमी होत गेला. ते वळण सगळ्यांना माहीत होतं. माझा खांदा आधीच दुखायला लागला.

वळणावर ट्रक दिसला. मधोमध. मी दोरीकडे हात नेला, एक बेल मारायला. पण त्याआधीच शेखभाऊंच्या समोरचा इंडिकेटरचा दिवा लुकलुकायला लागला होता. शेखभाऊंनी डांबर सोडलं, गाडी मातीत उतरली, कलली, आणि उभी राहिली. ट्रक गेला. त्याच्या मागे दुसरा होता, तोही गेला. त्यांच्या मागे आणखी होते. लाल धूळ काचेवर बसत गेली. शेवटच्या ट्रकवाल्याने खिडकीतून हात वर केला. शेखभाऊंनीही स्टिअरिंगवरची बोटं सोडवून हात वर केला.

रस्ता मोकळा झाला. गाडी उभीच होती. कापलेल्या बांधीत बगळे चरत होते. मागून कोणीतरी विचारलं, "काऊन थांबली जी?" म्हातारीने काठी घट्ट धरली. मी आरशात पाहिलं. शेखभाऊ रस्त्याकडे बघत नव्हते. त्यांचे डोळे माझ्यावर होते, त्या दिवशी टीव्हीसमोर होते तसेच.

डाव्या हातात मशीन होतं. मी उजवा हात उचलला, खांद्याच्या वर, जिथे तो जात नव्हता तिथपर्यंत. डोळ्यांत पाणी आलं. दोरी बोटांना लागली. ओढली, सोडली, पुन्हा ओढली.

गाडी मातीतून वर आली. चाकांखाली डांबर लागलं तेव्हा म्हातारी म्हणाली, "चालली जी एकदाची," आणि तिने पिशवीतून तिकिटाचे पैसे काढले.